डावीकडची चाल

सबनीससरांना कुठलीही गोष्ट घोळका केल्याशिवाय करताच यायची नाही. चौघांनी मिळून सोफा दुसऱ्या मजल्यावर न्यायचा असला, तरी ते आधी चौघांना जवळ बोलवायचे, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकायला लावायचे, मधोमध डोकी घालायला लावायचे आणि सोफ्याला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात कोणी कुठला पाय धरायचा ते सांगायचे. मग एक जोरदार टाळी वाजवून "ब्रेक!" असं ओरडायचे. पहिल्यांदा ऐकणारा माणूस सोफा सोडून द्यायचा. दोह्यातल्या अबू हमूरच्या आमच्या कंपाउंडमध्ये गणपतीचं विसर्जन बादलीत व्हायचं, तर एका वर्षी सरांनी त्या बादलीभोवतीही घोळका केला. पूजा सांगणारे देशपांडे एरवी अकाउंट्समध्ये होते. ते म्हणाले, "सर, गणपती आपल्याच बाजूचा आहे ना? मग त्याच्यापासून काय लपवायचंय?"

ही सवय अमेरिकन फुटबॉलची. सर मूळचे नाशिकचे, पण तरुणपणी कतारच्या उत्तरेला गॅस प्लांटवर एका अमेरिकन साहेबाच्या हाताखाली लागले आणि त्या साहेबाने त्यांना हा रोग दिला. साहेब निवृत्त होऊन गेला, रोग राहिला. सगळा देश वर्ल्ड कपच्या तयारीत, रस्तोरस्ती खोदकाम, जो तो मेस्सी का रोनाल्डो यावर हमरीतुमरीवर आलेला, आणि आमचे सर त्या साऱ्याला "पायांचा खेळ" म्हणून उडवून लावायचे. गंमत म्हणजे ते स्वतः त्याच पायांच्या खेळाचं स्टेडियम बांधत होते. मीही त्यांच्याच हाताखाली होतो. समोर आम्ही त्यांना सर म्हणायचो, पाठीमागे कोच.

शुक्रवारी सुट्टी. सकाळी सरांकडे पोहे असायचे आणि पोह्यांबरोबर आठवडाभरात रेकॉर्ड केलेला अमेरिकेतला सामना. निकाल कुणी आधी सांगितला तर त्याला पोहे बंद. पण सामना सलग बघायला मिळेल तर शपथ! प्रत्येक चालीच्या आधी सर रिमोटने चित्र थांबवायचे आणि शाळामास्तरासारखे एकेकाकडे बघत विचारायचे, "आता काय?" आम्हाला कोणालाच माहीत नसायचं. मग सर उठून पडद्यावर बोट ठेवून सांगायचे की हा इकडे पळणार, तो तिकडे ओढून नेणार, आणि मधे जो उभा आहे, ज्याच्या हातात चेंडू येतो आणि जो तो पुढे फेकतो, तो क्वार्टरबॅक अमक्याकडे फेकणार. चित्र पुढे सरकायचं आणि चारातल्या तीन वेळा भलतंच व्हायचं. "कोचने बरोबर सांगितलं होतं, यानेच ऐकलं नाही," सर म्हणायचे. तोवर पोहे गार झालेले असायचे. त्यांची मुलगी जाता जाता "बाबा, नोबडी इन दिस होल कंट्री केअर्स" म्हणून खोलीचं दार लावून घ्यायची.

सरांचा सिद्धान्त एका वाक्याचा होता: "हात कोणाचेही चालतात, डोकं एकच लागतं." म्हणजे कोच हुशार असला की क्वार्टरबॅक कोण आहे याला महत्त्व नाही. उद्या देशपांड्यांना उभं केलं तरी चालेल. देशपांडे बिचारे पोहे खाताना दचकायचे. मला हा सिद्धान्त मुळीच मान्य नव्हता. मी कॉलेजात असताना सीमारेषेवरून चेंडू थेट यष्टिरक्षकाच्या हातात द्यायचो आणि त्या फेकीचा मला आजही जरा जास्तच अभिमान आहे. फेक शिकवता येत नाही, ती असते किंवा नसते, असं मी म्हणायचो. सर म्हणायचे, "जोशी, तू माती. मडकं मी करणार."

आणि हे म्हणणाऱ्या माणसाने जन्मात कधी चेंडू फेकला नव्हता. एकदा आग्रहाखातर फेकला, तो पाठीमागे गेला. वहिनींनी यावर एकदाच मत दिलं. "यांनी पंखा लावायचा प्लॅन केला होता," त्या म्हणाल्या. "इतका सुंदर प्लॅन मी पाहिला नाही. पंखा अजून खोक्यात आहे."

ऑफिसातही सरांचं काम प्लॅनचंच. ते प्लॅनिंगचे प्रमुख. स्टेडियमचा कुठला भाग कधी उभा राहणार, कुठली क्रेन कधी येणार, गवत कधी अंथरणार, या सगळ्याचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात आणि मग भिंतीवर. ते तपासायला मालकाच्या बाजूने एक सल्लागार कंपनी होती आणि तिचा मुख्य होता वॉल्टर, टेक्सासचा, दारातून वाकून आत येणारा. वॉल्टर दर आठवड्याला वेळापत्रकावर लाल खुणा करून परत पाठवायचा. स्वभावाने वाईट नव्हता. पण "प्लॅन छान आहे, सबनीस, फक्त प्लॅन काँक्रीट ओतत नाही," असं तो हसत हसत म्हणाला की सरांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

छपराचा सगळ्यात मोठा तुकडा उचलला तो दिवस मला चांगला आठवतो. कित्येक महिने सर त्याच्यामागे होते. वारा किती असेल, कुठली क्रेन कुठे उभी राहील, उन्हाची दुपारची कामबंदी कशी सांभाळायची, सगळं त्यांनी बसवलेलं. तुकडा अलगद जागेवर बसला. केक आला, टाळ्या झाल्या. क्रेनवाला, प्रोजेक्ट डायरेक्टर, वॉल्टर, सगळे ओळीत उभे राहिले आणि कुणीतरी सरांच्या हातात मोबाइल देऊन म्हणालं, "सर, जरा फोटो काढता का?" सरांनी काढला. दोन काढले, पहिल्यात कोणाचे तरी डोळे मिटले होते म्हणून. परत येताना गाडीत त्यांनी आधी एसी वाढवला. मग म्हणाले, "जोशी, फोटोत क्वार्टरबॅक असतो. कोच फोटो काढतो."

मला तेव्हा कळलं की दर शुक्रवारी आपण ज्यावर भांडतो तो खेळाचा वाद नाहीच. या माणसाला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, सिद्ध करायचं होतं की मैदानाबाहेर उभा राहून जो डोकं चालवतो त्याचंही काही असतं. त्यानंतर मी वाद घालणं कमी केलं असं मात्र नाही. उलट वाढवलं, कारण वाद घालताना त्यांचा चेहरा उजळायचा.

कॅन्टीनमध्ये एकदा वॉल्टरने सरांना ऐकवलं, "चांगला क्वार्टरबॅक द्या, माझी आजीसुद्धा कोच होईल." सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला आणि म्हणाले की तुमच्या लोकांविरुद्ध मी एक टीम उतरवतो, हा खेळ कधी न खेळलेल्या माणसांची. वॉल्टरकडे एक तरुण इंजिनिअर होता, कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेला. म्हणजे एका बाजूला हात, दुसऱ्या बाजूला डोकं. सामना ठरला हिवाळ्यात, वर्ल्ड कपच्या आधीच्या शेवटच्या हिवाळ्यात. सगळे पोटापाण्याला आलेले, त्यामुळे अंगावर आदळायचा खरा खेळ नाही, तर पट्ट्यांचा. प्रत्येकाच्या कमरेला कापडी पट्टी, ती ओढून काढली की चेंडूवाला थांबला. चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडे नेला की गुण. पट्ट्या सरांनी इंडस्ट्रियल एरियातल्या एका शिंप्याकडून भगव्या रंगाच्या शिवून घेतल्या. शिंप्याला वाटलं आमचं भजनी मंडळ आहे.

टीम म्हणजे ऑफिसातली आणि साइटवरची मराठी माणसं. मी क्वार्टरबॅक, तोही फेक बरी म्हणून नाही, "उभा राहायला कोणीतरी लागतो" म्हणून. देशपांडे संख्या भरायला. आणि आमचा खरा हुकमी एक्का इम्तियाज, रत्नागिरीकडचा, साइटवर परांच्या बांधणाऱ्यांचा सुपरवायझर, वाऱ्यासारखा पळणारा. तो गावाकडे कबड्डीत नाव काढलेला गडी होता आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

पहिल्याच सरावात मी लांब फेक केली, इम्तियाजने ती सुरेख झेलली आणि तो सुटला. पुढे समोरून तिघे आले. इम्तियाज वाकला, डावीकडे झुकांडी दिली, उजवीकडे दिली, तिघांच्याही खांद्यांना हात लावला, गर्रकन वळला आणि जिवाच्या आकांताने परत आमच्याच बाजूला धावत आला. मधली रेघ ओलांडून तो पालथा पडला आणि मग त्याने श्वास सोडला. तोपर्यंत तो तोंडातल्या तोंडात "कबड्डी कबड्डी" म्हणत होता.

"अरे, परत का आलास?" सर ओरडले.

"काय वो सायेब," इम्तियाज धापा टाकत म्हणाला, "तिगांना शिवून आलो की! तीन गडी बाद!"

एकट्या इम्तियाजचं नाही, सगळ्यांचं तेच. कोणी पट्टी ओढायचाच नाही, हात लावला की खूश. एकाने तर समोरच्याचा घोटा धरून ठेवला आणि पाठीमागच्यांना साखळी करायला हाका मारू लागला. सरांनी कपाळाला हात लावला. पण हार मानतील तर ते सर कसले! पुढच्या शुक्रवारी ते घोळक्यात म्हणाले, "ऐका. शेवटची रेघ हीच आपली मधली रेघ समजायची. घर तिकडे आहे. दम संपायच्या आत घरी पोचायचं." आणि काय सांगू, इम्तियाज त्या दिवसापासून एकदाही मागे वळला नाही. त्याच्यासाठी सरांनी डावीकडून पळायची एक खास चालही बसवली. मला कबूल करणं जड गेलं, पण कोचिंग म्हणतात ते हेच असावं.

सराव कंपनीच्या बसवर अवलंबून असायचा. इम्तियाज आणि साइटवरची मंडळी इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पवरून बसने यायची आणि बस परत निघायची वेळ झाली की ड्रायव्हर हॉर्न वाजवून "यल्ला, यल्ला!" सुरू करायचा. सर त्यालाही घोळक्यात घ्यायचे, म्हणजे तो थांबेल. तो थांबायचा नाही.

एका सराव सामन्यात मी सरांचं ऐकलं नाही. त्यांनी चाल सांगितली होती जवळ फेकायची. मला लांबवर एक माणूस मोकळा दिसला, मी तिकडे फेकला, गुण मिळाला. सगळे माझ्या अंगावर येऊन पडले. सर मात्र पाण्याच्या बाटल्या गोळा करायला लागले. पुढे बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या शेजारच्या खोलीत बसायचे, पण चहाला येतोस का हेसुद्धा ईमेलने विचारायचे, आणि खाली "रिगार्ड्स" लिहायचे. शेवटी वहिनींनी मला बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्याकडे पाठवलं. लाडू त्यांच्याच घरचे होते. सरांनी एक खाल्ला आणि म्हणाले, "फेक चांगली होती. पण चाल मोडलीस."

सामन्याच्या आठवड्यात ती बातमी आली. काम संपत आलं होतं आणि कंपनी माणसं कमी करत होती. प्लॅनिंगचं तर कामच उरलं नव्हतं. बांधून झालेल्या स्टेडियमला वेळापत्रक कशाला? एचआरने सरांना बोलावून सांगितलं की मार्चअखेर खलास. ज्या वर्ल्ड कपसाठी या माणसाने इतकी वर्षं दिवस मोजले, तो बघायला त्याच्याकडे व्हिसा नसणार होता. सर बाहेर आले आणि मला म्हणाले, "शुक्रवारी ती डावीकडची चाल आपण शेवटासाठी राखून ठेवू." मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं. मला फार वाईट वाटलं होतं आणि ते त्यांना दिसायला नको होतं.

सामन्याला निम्मं ऑफिस आलं. वॉल्टर घडीच्या खुर्चीत बसून शेंगदाणे खात होता. त्याने आपल्या पोरांना एक शब्दही सांगितला नाही. त्यांचा तो गाजलेला क्वार्टरबॅक मजेत फेकत होता आणि गुण मिळवत होता. आमचे सर रेघेच्या बाहेर दुखरा गुडघा धरून इकडून तिकडे पळत होते, इतके की खेळाडूंपेक्षा जास्त घाम त्यांना आला होता. पण त्यांनी बसवलेल्या चालींनी आम्ही टिकून राहिलो. इम्तियाज घरी पोचत होता. एकदा तर देशपांड्यांनीही एकाची पट्टी ओढली आणि ती परत देताना सॉरी म्हटलं. शेवटी अशी वेळ आली की आम्ही थोडेसेच मागे होतो आणि एकच चाल उरली होती. ती साधली तर सामना आमचा.

सरांनी घोळका केला. त्यांचा आवाज बसला होता. "डावीकडे," ते म्हणाले. "इम्तियाज डावीकडे कोपऱ्यात. जोशी, तू त्याच्याकडे."

चेंडू माझ्या हातात आला. इम्तियाज डावीकडे धावला आणि त्याच्यामागे त्यांचे तिघे धावले, कारण एव्हाना सगळ्या मैदानाला कळलं होतं की आमच्यात पळणारा तो एकच. आणि मला उजवीकडे देशपांडे दिसले. शेवटच्या रेघेच्या पलीकडे, पंधरा पावलांत कोणी नाही, दोन्ही हात वर करून ते एकटे उभे होते. टॅक्सी थांबवायला उभे असावेत तसे. इतकी सोपी फेक मला आयुष्यात मिळाली नव्हती. डोळे मिटूनही गेली असती.

मी डावीकडे फेकला.

मला सरांना जिंकताना बघायचं होतं, पण त्यांच्या चालीने. देशपांड्यांकडे फेकून जिंकलो असतो तर फोटो माझा निघाला असता आणि काढायला सर उभे राहिले असते. तेवढं मला नको होतं. इम्तियाज तिघांच्या वर उडाला, त्याच्या बोटांत चेंडू आलाही, पण रेघेच्या अलीकडे खाली येईपर्यंत त्याची पट्टी गेली होती. आम्ही हरलो.

सर माझ्याकडे चालत आले. मला वाटलं, पाठीवर थाप पडेल.

"देशपांडे एकटा उभा होता," ते म्हणाले. "तुला दिसला नाही?"

"दिसला."

"मग?"

"तुम्ही डावीकडे सांगितलं होतं, सर."

"अरे गाढवा," ते म्हणाले, "सगळं मलाच दिसत असतं तर तुला तिथे कशाला उभा केला असता? एवढी देवाने फेक दिली आणि ऐन वेळी माझं ऐकलंस?"

इतक्या वर्षांत माझ्या फेकीला त्यांनी देवाचं नाव पहिल्यांदा जोडलं होतं, तेही शिवी देऊन. मी म्हणालो, चाल बरोबर होती. ते म्हणाले, चाल गेली खड्ड्यात. मी म्हणालो, कोच मोठा. ते म्हणाले, क्वार्टरबॅक मोठा. आमचं भांडण इतकं पेटलं की वॉल्टर खुर्ची सोडून सोडवायला आला. काय झालं ते ऐकल्यावर तो आश्चर्याने सरांना म्हणाला, "तुझी माणसं तुझं इतकं ऐकतात? माझं तर एक जण ऐकत नाही. कसं जमवलंस?" सरांनी वॉल्टरच्या पुड्यातले शेंगदाणे घेतले.

मार्चमध्ये ते गेले. पंखा खोक्यासकट मला दिला. विमानतळावर वहिनी रडल्या, त्यांची मुलगी मराठीत रडली, सर ट्रॉल्या मोजत राहिले. आत जाताना मला म्हणाले, "दिसलं की फेकायचं. कोणाला विचारायचं नाही." मी त्यांच्या पाया पडलो. त्यांना ते आवडायचं नाही, पण त्यांचे दोन्ही हात गुंतलेले होते.

वर्ल्ड कपमध्ये आमच्या स्टेडियमवरच्या पहिल्या सामन्याचं तिकीट मला मिळालं. दिवे लागले, सगळ्या खुर्च्या भरल्या, लोकांच्या ओरडण्याने कानठळ्या बसत होत्या. डोक्यावर ते छप्पर होतं. मला राहवेना, मी नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. सर टीव्हीसमोरच होते, अंगावर स्वेटर. पायांचा खेळ बघताना पकडले गेल्यामुळे जरा ओशाळले. मी मोबाइल वर करून त्यांना सगळं फिरवून दाखवलं, छप्पर, गवत, जिने, दारं.

"सर," मी ओरडून म्हणालो, "सगळं तुमच्या प्लॅनप्रमाणे झालं. हे तुमचं आहे!"

"छे रे," ते म्हणाले. "प्लॅन म्हणजे कागद. माणसं चांगली होती. इम्तियाज होता, तो क्रेनवाला होता, तू होतास. वॉल्टरचं बरोबर होतं, कागद काँक्रीट ओतत नाही."

मला भरून आलं. एवढ्या गर्दीत मी डोळे पुसत उभा राहिलो. पडद्यावर सर चष्मा काढून काहीतरी विचार करत होते. मग त्यांनी चष्मा परत लावला आणि तोंड अगदी मोबाइलजवळ आणलं.

"पण जोशी," ते म्हणाले, "ही माणसं निवडली कोणी?"

"तुम्ही, सर," मी म्हणालो.